अडलेल्या मापाचा कोट

माझ्या भाच्याचं नाव 'प'वरून सुरू होतं. पुढचं मी सांगत नाही. जे नाव त्याचं त्याला चारचौघांत घेता येत नाही, ते मी घेऊन मिरवणं बरं दिसत नाही. दुकानात त्याला टाचण्या म्हणतात, कारण त्याच्या तोंडात कायम टाचण्या असतात. शिंप्याच्या तोंडात त्या असायच्याच, पण ह्याच्या तोंडात समोर कापड नसतानाही असतात. चहा आला तरी काढत नाही. लोकांना वाटतं, मुलगा कामात बुडालाय. मला ठाऊक आहे, तोंडात टाचण्या धरलेल्या माणसाला कोणी प्रश्न विचारत नाही.

त्याचं बोलणं अडतं. अगदी लहानपणापासून. घाबरलेल्या माणसाला 'ततपप काय करतोस' म्हणतात. आमचा टाचण्या घाबरट नाही, आणि 'त'नं त्याचं कधी काही वाकडं केलेलं नाही. सगळं हाडवैर 'प'शी. ओठ मिटतात ते मिटतातच, गळ्याच्या शिरा फुगतात, खांदे कानांना जाऊन भिडतात आणि शब्द आपला दाराआड कडी चाचपत उभा. आता शिंप्याच्या धंद्यात 'प' टाळून जगून दाखवा. पाठ, पोट, पाय, पोटरी, पट्टी, पाव, पाऊण. माप घेणाऱ्यानं आकडा मोठ्यानं सांगायचा आणि मी लिहून घ्यायचा, ही आमची रीत. सुरुवातीला टाचण्यानं 'पाऊण'चं 'अर्धा आणि वर थोडा' केलं, 'पाठ'चं 'मागची बाजू' केलं. तिथवर निभावलं. मग एका गृहस्थांची कंबर निघाली पस्तीस. 'पस्तीस' काही केल्या बाहेर येईना, तेव्हा यानं सरळ छत्तीस सांगून टाकलं. ते गृहस्थ अजून आमच्याकडेच येतात. म्हणतात, "मावशी, तुमच्याकडची पॅन्ट घातली की बारीक झाल्यासारखं वाटतं."

ही सगळी उभ्याची कथा. हाच टाचण्या गिऱ्हाइकाच्या पायाशी उकिडवा बसला, दुमड घ्यायला, की टाचण्या तोंडातून मनगटावरच्या गादीत जातात आणि तोंड मोकळं होतं. "पाऊण इंच वर घेऊ का? पोटरीवर पीळ पडतोय. पाय जरा पुढे." सगळे 'प' शाळा सुटल्यासारखे बाहेर. खाली बसलेला टाचण्या म्हणजे पोपट, उभा राहिला की खांब. गिऱ्हाइकं बिचारी वर बघत बोलतात आणि उत्तर खालून येतं.

आमच्या घरी सून आली ती ह्या उकिडव्या बसण्यामुळेच.

ती लोकांना गाडी चालवायला शिकवते. दिवसभर "क्लच हळू, क्लच हळू" म्हणत असते, म्हणून आम्ही तिला क्लचबाई म्हणतो. पहिल्यांदा आली ती पॅन्ट आखूड करून घ्यायला. टाचण्या तिच्या पायाशी बसला आणि काय बोलत सुटला म्हणता! तिला इतकं हसवलं की दुमड वाकडी झाली आणि पुन्हा घ्यावी लागली. मग उठून उभा राहिला. तिनं विचारलं, "कधी येऊ न्यायला?"

त्याला म्हणायचं होतं 'परवा'.

ओठ मिटले. खांदे चढले. ती बघतेय, मी यंत्रावर पाय थांबवून बसलेय. शेवटी त्याच्या तोंडून शब्द पडला, "उद्या." झालं. दुसऱ्यांचे कपडे बाजूला सारून ती पॅन्ट दुसऱ्या दिवशी सकाळी तयार ठेवावी लागली. शब्द चुकवण्याचा भुर्दंड असा कामात फेडावा लागतो.

ती पॅन्ट घेऊन गेली आणि पुन्हा आली. "अजून जराशी वर हवी." पुन्हा गेली, पुन्हा आली. शेवटी मीच म्हटलं, "बाई गं, आता हिच्यात चड्डीपुरतंच कापड उरलंय. काय मनात असेल ते बोलून टाक."

ती हसली नाही. म्हणाली, "मावशी, हा खाली बसला की एवढं छान बोलतो. उभा राहिला की रागावल्यासारखा का करतो?"

"रागावत नाही गं. अडतो."

"एवढंच?" ती म्हणाली आणि धांदोट्यांनी भरलेल्या आमच्या फरशीवर त्याच्यासमोर मांडी घालून बसली. "बोल. मी खालीच आहे."

पुढचं मी ऐकलं नाही, कारण शिवणयंत्र मुद्दाम चालवत होते. रिकामंच चालवत होते, हे दोघांनाही कळलं असणार.

लग्न नोंदणी कचेरीत करायचं ठरलं. सुटसुटीत. क्लचबाई चौकशी करून आली आणि नियम सांगितले. वधूवरांनी साहेबांसमोर उभं राहायचं, मागे साक्षीदार, आणि छापलेलं वाक्य मोठ्यानं म्हणायचं: मी, अमुक, हिला माझी कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारतो. वाक्यात दोन 'प'. एक त्याचं स्वतःचं नाव आणि दुसरी पत्नी.

"'बायको' चालेल का, विचारलं मी," क्लचबाई म्हणाली. "कारकून म्हणाला, छापलंय तेच म्हणायचं. म्हटलं, मग तो बसून म्हणेल. तो म्हणाला, खुर्ची देऊ. म्हटलं, खुर्ची नको, त्याला जमिनीवर बसायची सवय आहे. तेव्हापासून तो माझ्याकडे जरा काळजीनं बघतोय."

टाचण्या काजं करत बसला होता. त्यानं टाचण्या काढून गादीत खोचल्या. "मी उभा राहून म्हणणार," तो म्हणाला, "आणि 'पत्नी'च म्हणणार. आजवर पस्तीसचं छत्तीस केलं, परवाचं उद्या केलं. हिच्या बाबतीत बदली शब्द नको."

हे अर्थातच तो खाली बसून म्हणाला, त्यामुळे धडाधड म्हणाला. उभं राहून कसं होणार, ह्याची चिंता आम्ही इतरांनी वाटून घेतली.

माझा दादा, म्हणजे टाचण्याचा बाबा, शाळेत कवायतीचा मास्तर होता. निवृत्त झाला तरी शिट्टी अजून खिशात असते. वहिनी गेल्यापासून हे दोघं माझ्याकडेच राहतात, म्हणजे कवायत माझ्याही घरी असते. पोरगा अडला की दादाचं औषध एकच: "छाती पुढे, पोट आत, मान ताठ. आता बोल." वीस वर्षं हेच औषध चाललंय आणि दुखणं जागच्या जागी आहे, पण औषध बदलायचं दादाच्या मनात आलेलं नाही. लग्न ठरल्यावर त्यानं मात्रा वाढवली. रोज सकाळी पोराला दाराशी भिंतीला टेकवून उभा करायचा. टाचा भिंतीला, डोकं भिंतीला. "म्हण, मी..." 'मी'पर्यंत उत्तम. पुढे भिंत आणि मुलगा यांत फरक ओळखू येत नसे.

दुसरं औषध विहीणबाईंचं. क्लचबाईच्या आईचं केस कापायचं दुकान आहे. त्यांचा अनुभव असा की, माणसाची मान मागे टाकून डोकं धुवायच्या भांड्यावर ठेवलं की तो काहीही बोलतो. "अहो, नवऱ्याला जे सांगत नाहीत ते मला सांगतात," त्या म्हणाल्या. जावयाला नेऊन बसवलं, मान मागे टाकली, डोक्याला फेस लावला आणि म्हणाल्या, "आता म्हणा." टाचण्याच्या तोंडात फेस गेला. 'प' आला, पण सोबत बुडबुडाही आला.

मीही मागे कशाला राहते? मी त्याला इस्पितळात वाचेचे उपचार करणाऱ्या मॅडमकडे घेऊन गेले. टाचण्याहून चारच वर्षांनी मोठी असेल पोर, पण शांत. तिनं त्याला उभं करून बोलायला लावलं, बसवून लावलं, आडवा झोपवून लावलं. मी विचारलं, "कसं बसलं की हे जातं?"

"बसण्यानं जात नाही आत्या, आणि उभं राहण्यानं येत नाही," ती म्हणाली. "पण खांदे वर, पोट आवळलेलं, श्वास वरच्या वर कोंडलेला, असं करून शब्द ढकलायला गेलं की तो जास्त घट्ट बसतो. खाली बसल्यावर ह्यांचं पोट सुटतं. शिवाय तिथे ह्यांच्या तोंडाकडे कोणी बघत नसतं. ह्यातलं कशानं किती फरक पडतो, ते मी छातीठोक सांगणार नाही."

सोबत आलेला दादा कोपऱ्यात बसला होता. 'छातीठोक' म्हटल्यावर त्याला आशा वाटली. "पण ताठ उभं राहायला हवं ना?"

"सरळ राहू द्या. ताठ नको. पोट आत ओढायला सांगता का तुम्ही?"

दादानं खिशातली शिट्टी चाचपली. घरी येताना वाटेत एवढंच म्हणाला, "पोट सुटलेला माणूस मी आयुष्यात वर्गात उभा केला नाही." सकाळची भिंत मात्र दुसऱ्या दिवसापासून बंद झाली.

आता माझ्या कोटाकडे येते.

माप घेताना गिऱ्हाइकाला बोलतं ठेवायचं, ही मी स्वतःच शिकलेली युक्ती. फीत लावली की प्रत्येकजण पोट आत घेतो. पुढे बिचारा जन्मभर त्या कोटात श्वास चोरून वावरतो. म्हणून मी विचारते, मुलं काय म्हणतात, पाणी येतं का वेळेवर, घरमालक कसा आहे? घरमालकाचा विषय निघाला की पोट आपोआप जागेवर येतं. लग्नाचा कोट बेतायला टाचण्याचं माप घेतलं तेव्हाही हाताच्या सवयीनं तेच केलं. फीत छातीभोवती टाकली आणि विचारत राहिले. अस्तर कुठलं आवडेल? खिसे किती? क्लचबाईच्या मामांना बोलावलंस का? दादा आकडे लिहून घेत होता.

पहिल्यांदा अंगावर चढवून बघायच्या दिवशी टाचण्या कोट घालून खिडकीत उभा राहिला. क्लचबाईची गाडी यायची होती, तिची वाट बघत कुठलीतरी चाल गुणगुणत होता. गाण्यात तो कधी अडत नाही. मी मागून बघितलं आणि कपाळाला हात लावला. कॉलर मानेपासून सुटलेली. पाठीवर आडव्या सुरकुत्या. खांदे उतरून बाहीत आलेले. इतकी वर्षं शिवतेय, असा कोट मी उमेदवारीतसुद्धा केला नव्हता.

"इकडे फिर रे," मी म्हटलं. "कुठे ढिला वाटतो सांग बघू."

त्याला म्हणायचं होतं 'पाठीत'.

ओठ मिटले, छाती भरली, खांदे वर गेले. आणि माझ्या डोळ्यांसमोर कोट अंगावर बसला. कॉलर मानेला चिकटली, सुरकुत्या गेल्या, बाह्या मनगटावर नेमक्या आल्या. ओतल्यासारखा. दादा खूश होऊन म्हणाला, "बघ! ताठ उभा राहिला की कसा दिसतो."

मी खुर्चीत बसले. माप चुकलं नव्हतं. माप चोख होतं, पण अडलेल्या माणसाचं होतं. इतरांना बोलतं केलं की ते सैल होतात, ह्याला उभ्यानं बोलतं केलं की हा गच्च होतो. जगात एकाच माणसाच्या बाबतीत माझी युक्ती उलटी पडते आणि तो माझ्याच घरात जेवतो, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

"काढ. उसवते, पुन्हा बेतते," मी म्हटलं.

टाचण्या आरशात मागून पुढून बघून आला. मग कोटासकट माझ्या खुर्चीजवळ उकिडवा बसला. "राहू दे आत्या. श्वास घ्यायला जागा आहे."

"लोक काय म्हणतील? शिंपिणीच्या घरचा नवरदेव गाठोडं बांधून आला?"

"पस्तीसवाल्या काकांना बोलाव. ते म्हणतील, पोरगा बारीक दिसतोय."

कोट तसाच राहिला. पण मी स्वस्थ बसणारी नाही आणि विहीणबाई तर त्याहून नाहीत. नवरीचा पायघोळ पोशाख मीच शिवला होता. त्या तो न्यायला आल्या तेव्हा आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि मी कात्री उचलली. मागची दुमड चार बोटं उसवली. बेत असा, की आयत्या वेळी नवरीची दुमड लोंबतेय असं विहीणबाईंनी ओरडायचं. टाचण्या सवयीनं खाली बसणार, बसला की बोलणार, आणि बसल्या बसल्या ते वाक्य म्हणून मोकळा होणार. साहेब काय वाकून बघणार होते?

लग्नाच्या दिवशी कचेरीत आधी दुसऱ्या एका जोडप्याचं काम चाललं होतं. आम्ही बाहेर बाकावर. क्लचबाईनं टाचण्याच्या हातातून सगळ्या टाचण्या काढून घेतल्या आणि स्वतःच्या पर्समध्ये ठेवल्या. मग आम्हाला आत बोलावलं. साहेब सज्जन दिसत होते, पण घाईत. चष्मा कपाळावर ठेवून कागद शोधत होते. नवरानवरी टेबलापुढे उभी राहिली, आम्ही मागे. मला त्याची फक्त पाठ दिसत होती.

विहीणबाईंनी वेळ साधली. "अगं बाई, दुमड उसवली वाटतं."

टाचण्यानं वाकून बघितलं. बोटानं धागा उचलला. मग वळून माझ्याकडे बघितलं. "आत्या," तो हळूच म्हणाला, "उसवलेली आणि उसवून ठेवलेली, यातला फरक तूच मला शिकवलास."

विहीणबाई छताचा पंखा बघू लागल्या. मीही तोच बघितला.

तो खाली बसला नाही. क्लचबाईच्या पर्समधून एक टाचणी घेतली आणि ती दादाच्या हातात दिली. "बाबा, तुम्ही लावा."

आणि माझा दादा, ज्यानं उभ्या आयुष्यात गुडघा वाकवला तो फक्त कवायतीत, तो सुनेच्या पायाशी फरशीवर बसला. बसताना त्याच्या पॅन्टचा हूक सुटला तो मी ऐकला. साहेबांना कागद सापडला होता. "हं, म्हणा," तो टाचण्याच्या हातात देत ते म्हणाले. दादाला उठायला वेळच मिळाला नाही. तो तिथेच, टाचणी धरून.

"मी," टाचण्या म्हणाला.

आणि कोट अंगावर बसला.

कॉलर चिकटली, खांदे चढले, पाठ आरशासारखी सपाट झाली. काय सुंदर दिसत होता म्हणून सांगू. कुठल्याही दुकानाच्या काचेत उभा करावा असा. आयुष्यभर मी कोटावर सुरकुती पडू नये म्हणून जीव टाकला. त्या दिवशी हात जोडून म्हणत होते, पड गं बाई, एक तरी पड.

पंखा फिरत होता. साहेबांनी मान वर केली. विहीणबाईंनी माझा दंड धरला तो अजून दुखतो.

तेवढ्यात खालून आवाज आला. दादाचाच, पण मी तो तसा कधी ऐकला नव्हता. तो फरशीवरून मुलाच्या तोंडाकडे वर बघत होता. इतकी वर्षं त्याला पोराची छाती आणि पोट दिसायचं, तोंड बहुतेक तेव्हाच पहिल्यांदा दिसलं असावं.

"पोट सोड रे," दादा म्हणाला.

मी पाठीवर नजर लावून होते. आधी डाव्या खांद्याखाली एक बारीकशी रेघ उमटली. मग उजवीकडे. मग कॉलर मानेपासून सुटली आणि बाह्या हातावर उतरल्या. माझा कोट माझ्या डोळ्यांदेखत ढगळ झाला, आणि मला रडू फुटलं.

नाव आलं. सरळ आलं असं नाही. प, प, प करत, धक्के खात आलं, पण पूर्ण आलं, आडनावासकट. ते मी इथे तरीही लिहीत नाही. ते त्याचं आहे आणि त्यानं ते त्या खोलीत मोठ्यानं घेतलं.

मग तिचं नाव, सहज. "हिला माझी कायदेशीर..." आणि पुन्हा ओठ मिटले. साहेबांना वाटलं आपण मदत करावी. माणूस वाईट नव्हता. "पत्नी," ते म्हणाले. "पत्नी म्हणून. पुढे?"

"थांबा साहेब," क्लचबाई म्हणाली. तिचा तो शिकवतानाचा आवाज. "गाडी बंद पडली म्हणून मी शिकणाऱ्याला खाली उतरवत नाही. चावी त्याच्याकडेच राहू द्या."

साहेबांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि थांबले.

टाचण्यानं ओठ सोडले, श्वास सोडला, खांदे खाली सोडले. घाई केली नाही. "प... प... पत्नी," तो म्हणाला, तिच्याकडे बघून. कागद मध्येच खाली गेला होता. मग, बहुधा जमलंय म्हणून, पुन्हा एकदा म्हणाला, "पत्नी." हा दुसरा न अडखळता.

"एकदा पुरे," साहेब म्हणाले. "कायद्याला एकच लागते."

क्लचबाईनं तिचं वाक्य एका दमात म्हटलं. मग सगळ्यांनी मिळून दादाला उठवलं. गुडघा अडकला होता. आणि पॅन्टचा हूक मिळालाच नाही. दोन दिवसांनी तो नवरीच्या दुमडीत सापडला, दादानं टाचणीबरोबर आत खोचलेला.

टाचण्या अजून अडतो. 'प' अजून पुढे येऊन उभा राहतो. पण आकडे आता तो उभ्यानं सांगतो, वेळ घेऊन, आणि पस्तीस पस्तीसच राहतात. ते गृहस्थ नाराज आहेत. नवी पॅन्ट घट्ट होते म्हणतात, जुनंच माप चालू ठेवा.

दुकानात फोटो लावलाय. कचेरीतल्याच एकानं 'पत्नी' म्हणतानाचा काढला. येणारं-जाणारं गिऱ्हाईक बघतं, कोटाकडे बघतं, मग माझ्याकडे. परवा एक बाई न राहवून बोललीच, "मावशी, हा तुम्ही शिवलाय? पाठीत जरा ढगळ नाही का झाला?"

"झालाय," मी म्हटलं. "बोलताना काढलाय फोटो."